चौथ्या मजल्यावरचा म्हातारा

तो जपानी अ‍ॅनिमेशनपट नागपुरात जेमतेम आठवडाभर टिकला, तोही दुपारच्या एकाच खेळाला. मेघा पराते दोनदा जाऊन आली. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत ती बरीच वर्षं सिनेमाची परीक्षणं लिहीत होती. पण अशी पंचाईत तिची कुठल्याच सिनेमानं केली नव्हती.

सिनेमात एक जुनी इमारत होती. तिची लिफ्ट रात्री ज्या मजल्यावर थांबेल, तिथं राहणाऱ्याचं स्वप्न सुरू असायचं. दार उघडलं की कुठे समुद्र, कुठे शाळेच्या बाकांवर बसलेल्या गायी. चौथ्या मजल्यावरचा म्हातारा वारला होता, तरी त्याचं स्वप्न थांबत नव्हतं. तो शर्टांना इस्त्री करत असायचा आणि इस्त्री झालेले शर्ट खिडकीतून उडून जायचे. का, ते शेवटपर्यंत कोणी सांगत नव्हतं.

इंटरनेटवर समीक्षक हमरीतुमरीवर आले होते. एकाला ती युगप्रवर्तक कलाकृती वाटली, दुसऱ्याला नुसता रंगीत गोंधळ. वाचून वाचून मेघाचं डोकं उठलं. सिनेमा बघताना आपल्याला काय झालं, हे एकही जण लिहीत नव्हता.

मग तिनं ते लिहिलं. तिचे बाबा, बबनराव, उमरेडला हातमागावर बसायचे. माग विकून ते कळमेश्वरला एका कारखान्यात वॉचमन झाले. पण झोपेत त्यांचे पाय हलायचे, मागाच्या पावड्या दाबल्यासारखे. मेघा त्यांना उठवायला गेली की आई म्हणायची, "राहू दे वं, विणून राहिले ते." बाबा गेले त्याला आता बरेच दिवस झाले. चौथ्या मजल्याचं दार उघडलं तेव्हा तिला ते पाय दिसले. सिनेमा मला पूर्ण कळला नाही, पण तो बघा, असं तिनं शेवटी लिहिलं.

पुरवणीचे संपादक विक्रम सर यांनी ते वाचून चष्मा काढला. "मेघा, यात स्टोरी कुठं आहे?"

"सर, तशी स्टोरी नाहीच त्यात."

"मग लोकाईले सांगायचं काय? तुझ्या बाबाचे पाय? अन् तारे किती?"

"या वेळी तारे नको ना, सर."

"काहून नको? सगळ्याच सिनेमाले देऊन राहिलो आपण."

रविवारी मेघानं पेपर उघडला. बाबांचा परिच्छेद गायब होता. वर अडीच तारे, आणि खाली तिनं न लिहिलेलं वाक्य: 'आपल्याला काय सांगायचं आहे, ते दिग्दर्शकालाच ठाऊक नसावं.' त्याखाली तिचं नाव.

शहरातल्या अ‍ॅनिमेवेड्यांचा एक ग्रुप होता. तो चालवणाऱ्या प्रज्वल नावाच्या इंजिनिअरनं त्या परीक्षणाचा फोटो टाकून वर लिहिलं, 'ज्यांना स्वप्नं पडत नाहीत, त्यांनी परीक्षणं लिहू नयेत.' खाली शेकडो लोक हसले. प्रताप नगरमधल्या एका कोचिंग क्लासच्या खोलीत या सिनेमावर ग्रुपची चर्चा होती. मेघा तिथं न बोलावता गेली.

"ते वाक्य माझं नाही," तिनं उभं राहून सांगितलं.

"नाव तर तुमचंच आहे न, ताई," पुढच्या बाकावरची श्वेता नावाची मुलगी म्हणाली.

"बरं, मग चौथ्या मजल्याचा अर्थ काय ते सांगा," प्रज्वल म्हणाला.

"मला माहीत नाही."

खोलीत हशा पिकला. मग सगळे सुटलेच. शर्ट म्हणजे जपानी कामगार, खिडकी म्हणजे युद्ध. एकानं मोबाइलवर कुणा परदेशी समीक्षकाचा परिच्छेद वाचून दाखवला, तर दुसऱ्यानं शेवट समजावून सांगणारा व्हिडिओ लावला. ऐकता ऐकता मेघाचं टाळकं सरकलं.

"अरे, पण बघताना तुम्हाला स्वतःला काय वाटलं?"

"वाटण्याचा काय संबंध?" प्रज्वल म्हणाला. "सिम्बॉलिझम आहे तो."

दुसऱ्या दिवशी विक्रम सर मात्र भलतेच खुशीत होते. "पाह्यलं का? साइटवर तुझंच वाचून राहिले सगळे. आता त्या पोराइले एक खरमरीत उत्तर लिही."

"मला खुलासा छापून हवाय, सर. ते वाक्य तुम्ही घातलं म्हणून."

"खुलासा कोण वाचते वं?"

"मग सदरावरून माझं नाव काढा."

त्यांना आधी ती गंमत वाटली. तिचा चेहरा बघून त्यांनी खांदे उडवले. "तुझी मर्जी."

पुढच्या रविवारी सदर बिननावाचं आलं. वर तारे होतेच. नाव कुठं गेलं, असं विचारणारा एकही फोन मेघाला आला नाही. त्या संतापात तिनं आपला मूळ लेख प्रज्वलला पाठवून दिला.

त्याचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. त्यात कुठेही माफी नव्हती. 'ताई, हे छापलं असतं तर मी तो फोटो टाकला नसता. पण तुमचं चुकलंय. तो म्हातारा काम करत नाहीये. आपण गेलोय हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. करोनात माझ्या आजोबांचं तोंडही बघू दिलं नाही आम्हाला. मला तर तेच दिसलं. कुणाला बोललो नाही.'

मेघा स्वयंपाकघरात उभी होती. तिनं ते पुन्हा वाचलं. मग तिला राग आला. चुकलं म्हणजे? त्या म्हाताऱ्याचे इस्त्री फिरवणारे हात यानं नीट बघितले तरी होते का? चहा उतू जाऊन गॅस विझला, तरी ती अंगठ्यानं उत्तर टाइप करत राहिली. सिनेमा गावातून गेला होता. पुन्हा बघून खात्री करायची सोय दोघांनाही उरली नव्हती.