मागच्या सीटचा आराम

"काकू, या हातावर वजन घेता का तुम्ही?"

डायलिसिसच्या खोलीतल्या धम्मदीपने सुलोचनाबाईंच्या डाव्या हातावरचा स्टेथोस्कोप काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"नाई बा," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"ते कायचं वजन घेते!" पलंगापाशी हेल्मेट काखेत धरून उभे असलेले हेमराज मध्येच बोलले. "घरी पाण्याचा तांब्या उचलू देत नाई मी तिले."

हे अगदी खरं होतं. ऑपरेशन करून त्या हातातली शीर मोठी केली होती. आठवड्यातून दोनदा तिथूनच रक्त यंत्रात जायचं आणि साफ होऊन परत यायचं. हे समजल्यापासून हेमराज त्या हाताचे चौकीदार झाले होते. डाव्या हातात बांगडी नाही, पिशवी नाही, त्या कुशीवर झोपणं नाही. रोज सकाळी ते तिथे बोटं टेकवत. आत मांजर घुरघुरावं तशी थरथर लागायची. "चालू हाय," असं म्हणूनच ते चहा ठेवायला उठत.

"थरथर कमी लागून राह्यली," धम्मदीप म्हणाला. "जपा काका. हा हात बंद पडला त पंचाईत होईन."

हेमराजांनी मान हलवली. आणखी काय जपायचं, हे त्यांना कळेना.

आर्वी डेपोत कंडक्टर म्हणून त्यांचा जन्म उभ्याने गेला होता. निवृत्त झाले आणि पोराबाळांचं, शेजाऱ्यांचं कोणाचंही न ऐकता त्यांनी मोठ्या इंजिनाची मोटरसायकल घेतली. तीही अशी उघडीवाघडी. पुढे वारा अडवायला काच नाही, अंगावर प्लास्टिकचं चिलखत नाही, इंजिनाचे दंड सगळ्या गावाला दिसताहेत. "हेमराजभाऊ, आता काय रेस लावता?" असं गल्लीने विचारून घेतलं. हेमराज शांतपणे सांगत, "रेस नाई बावा. ताकदीची गाडी दमत नाई, अन् गाडी दमली नाई की मानूस दमत नाई. हँडल सरळ, पाठ सरळ. वर्ध्याले जाऊन या, अंगाले कळतच नाई."

त्यांच्या अंगाला खरंच कळत नसे. मागच्या सीटचं मात्र सगळंच अवघड होतं. ती वीतभर आणि उंच, धरायला काही नाही, लुगड्याला जाळी नाही, पिशवी अडकवायला हूक नाही. त्या गाड्या बनवणाऱ्यांनी मागे बायको बसेल असा विचारच केलेला नसावा. पण बायकोचं वर्ध्याला डायलिसिस सुरू झालं आणि हेमराजांनी कंबर कसली. सीट रुंद करून घेतली, जाळी लावली, एका बाजूने बसणाऱ्या बाईला पाय ठेवायला पाटी जोडली. शेवटी वेल्डरच्या डोक्यावर उभं राहून मागे धरायला एक जाड, चकचकीत दांडा बसवून घेतला. सारी गल्ली पाहायला आली. सुलोचनाबाईंनाही त्या दिवशी नवऱ्याचं कौतुक वाटलं होतं.

"कसं वाटते गाडीवर?" ते प्रत्येक खेपेला विचारत.

"मस्त," त्या म्हणत.

धम्मदीपने हात तपासला त्या दिवशी वर्ध्याहून परत निघायला उशीर झाला. आंजी गाव मागे पडलं. ऊन डावीकडून तिरपं येत होतं. गाडीच्या आरशांत हेमराजांना नेहमी स्वतःची कोपरंच दिसायची, मागे बसलेलं माणूस कधी दिसलंच नव्हतं. आज उजवीकडच्या सोयाबीनवर दोघांची सावली धावत होती. त्यांनी सहज पाहिलं. गाडी, ते, त्यांच्या खांद्यावर तिचा एक हात, आणि मागे दांड्याकडे गेलेला दुसरा. प्रत्येक खड्ड्याला तो दोरीसारखा ताणला जात होता.

त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"तू डाव्या हातानं धरून राह्यली?"

"मंग कशानं धरू? उजवा तुमच्या खांद्यावर हाय."

"अन् डाव्या हातावर सारं वजन?"

"गाडी झपकन पुढं जाते न. मांगं धरलं नाई त तोल जाते."

"बोलली काऊन नाई?"

"तुमी किती हौसेनं बसवला तो दांडा," सुलोचनाबाई म्हणाल्या. "अन् मले वाटलं, धरल्यानं काय होते!"

उरलेला रस्ता त्यांनी सायकलच्या वेगाने कापला. पुढच्या खेपेला काजलचा, म्हणजे सुनेचा, ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसायचं ठरलं. या वयात तसं बसायचं म्हणून सुलोचनाबाई लाजून हसल्यासुद्धा. त्या खेपेची वेळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हेमराजांनी बोटं टेकवली आणि हात मुका होता. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, स्वतःची बोटं चोळून पुन्हा टेकवली. आत काहीच नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी प्रयत्न केले. शीर उघडली नाही. मानेत नळी घातली. दुसऱ्या हाताचं ऑपरेशन आणि तो तयार होईपर्यंत डायलिसिस नळीवरच भागवायचं होतं. धूळ नको, हिसके नकोत.

"काका, दांड्यानंच झालं असं कोनी सांगू शकत नाई," धम्मदीपने समजावलं. "बीपी कमी झालं तरी गुठळी होते."

हेमराजांना ते पटलं नाही. पाण्याचा तांब्या उचलू न देणाऱ्या माणसाने आपल्याच हाताने तिचा हात घालवला, हे त्यांच्या मनातून जाईना. स्वतःची इतकी चीड त्यांना कधी आली नव्हती.

"गाडी विकून टाकतो," ते घरी म्हणाले. "मी बी तुह्यासंग बसनं येतो."

"विकू नोका. तिथं औषधाले, रिपोर्टले धावाधाव कशानं करान? तुमी गाडी आना. मी बसनं येतो." मानेवरची पट्टी सांभाळत सुलोचनाबाई जरा थांबल्या. "खरं सांगू? मले त पह्यलेपासून बसच बरी वाटे."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुमी इचारलं काय? तुमी इचारा, गाडीवर कसं वाटते. गाडीवर मस्तच वाटे."

गुरुवारी सकाळी आर्वीच्या बसस्थानकावर त्यांनी तिला पुढच्या सीटवर बसवलं, खिडकी लावून घेतली आणि बस निघाल्यावर मागून गाडी काढली. रस्ता मोकळा होता. मनगट जरा पिळलं असतं तर बस क्षणात मागे पडली असती. हेमराज मागेच राहिले. बसचा धूर अंगावर घेत, ती थांबली की थांबत, ती निघाली की निघत.

खरांगण्याच्या थांब्यावर कंडक्टर मुकेश खाली उतरला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेला.

"काका, केव्हाचा पाहून राह्यलो. विमानासारखी गाडी हाय, पुढं काऊन नाई जात?"

"तुही काकू बसली कनी आत."

"मंग पुढं जाऊन बेड पाहून ठेवा न."

"बेड ठरलेला हाय," हेमराज म्हणाले. "ड्रायव्हरले सांगजो, पुढं पुलापाशी रस्ता उखडला हाय. हळू घेजो म्हना."

मुकेश आत गेला. दोनदा घंटी वाजली. हेमराजांनी बसला थोडं पुढे जाऊ दिलं आणि दुसऱ्या गिअरमध्येच तिच्या मागे निघाले.