गुलाली अंगण

परंड्याचा चाँदपाशा अंगणात बसवायचे सिमेंटचे ब्लॉक बनवायचा. त्यात तो लाल रंग घालायचा तो लोखंडाच्या गंजाचा. "जे आधीच गंजलंय त्याचं ऊन काय वाकडं करणार?" असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. पण रामहरी सरपंच झाला आणि त्याला अंगण हुबेहूब गुलालाच्या रंगाचंच पाहिजे होतं.

"ती गुलाबी पावडर उन्हात टिकत न्हाय," चाँदपाशानं बजावलं.

रामहरीनं ऐकलं नाही. अंगणात बाजेवर बसलेले त्याचे वडील, रामलिंगअण्णा, म्हणाले, "गुलाल अंघोळीला उतरू द्यावा, बाबा. अंगणात कशाला मुरवतोस?"

ब्लॉक बसले. अण्णांनी गोधडी टाकलेली बाज पुन्हा त्याच जागी मांडून घेतली. तिथं बसून ते येईल त्याच्यापाशी त्या रंगाची टिंगल करायचे.

दोन उन्हाळ्यांत अंगण राखेसारखं झालं. यंदा अण्णा गेले. तेरावं झाल्यावर रामहरीनं जुने ब्लॉक काढून पक्के लाल बसवायला चाँदपाशाला बोलावलं. दोघांनी बाज उचलून बाजूला ठेवली. तिच्याखाली बाजेएवढा तुकडा पहिल्या दिवसासारखा गुलाबी होता.

रामहरी म्हणाला, "एवढं सोडून बाकीचं उखडा, चाँदपाशाभाई."

"आता ऊन लागलं की हे बी उडंल," चाँदपाशा म्हणाला. रंगाच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नसे.

रामहरीनं बाजेचं एक टोक धरलं. चाँदपाशानं दुसरं धरलं, आणि बाज होती तिथं ठेवली.