पडायची गादी

मी गादी बोलतेय. झोपायची नव्हे, पडायची. तुमच्या घरातल्या माझ्या बहिणींवर माणसं अलगद टेकतात, कूस बदलतात. माझ्यावर मात्र धाडकन येतात. मला केलंय त्याचसाठी, त्यामुळे तक्रार नाही.

कारखान्यात फोमच्या एका प्रचंड ठोकळ्यातून मला कापून काढलं. निळं रेक्झिन शिवणाऱ्या बाईनं शेवटची चेन ओढली आणि मी नीट झालेय का हे बघायला स्वतःच माझ्यावर पाठ टेकली. "अगं बाई, ही तर उठूच देईना," ती शेजारणीला म्हणाली. माझ्याबद्दल कुणी काढलेला तो पहिला शब्द.

पहिली काही वर्षं मी एका मोठ्या व्यायामशाळेत काढली, उंच आडव्या दांड्याखाली. तिथली मुलंमुली हवेत गिरक्या घेऊन माझ्यावर उतरायची आणि तोल गेला की आपटायची. तेव्हा मला एक खोड लागली, पडल्यावर माणूस सगळ्यात आधी काय करतो ते बघायची. मोठी माणसं आधी इकडेतिकडे बघतात, कुणी पाहिलं तर नाही ना! मग कपडे झटकतात. कुठे दुखलंय, ते त्यांना सगळ्यात शेवटी कळतं.

पुढे माझा कोपरा फाटला, नव्या गाद्या आल्या आणि मला जिन्याखालच्या अडगळीत मोडक्या खुर्च्यांमागे उभं केलं. दोन वर्षं माझ्यावर कुणी पडलं नाही. तुम्हाला गंमत वाटेल, पण अंग दुखायचं माझं.

तिथून मला ताईनं सोडवलं. ती एके काळी त्याच दांड्यावर झोके घ्यायची. आता एका लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये तान्ह्यापेक्षा मोठ्या आणि शाळेपेक्षा छोट्या पोरांसाठी उड्या-कोलांट्यांचा वर्ग घेते. पोरांबरोबर आई किंवा बाबांनी यायचंच, असा तिचा नियम. गळ्यात शिट्टी, पण ती कधी वाजवत नाही. पोरं दचकतात म्हणे. तिनं मला तिरपं कापून उतरतं केलं आणि फाटक्या कोपऱ्याला पिवळं ठिगळ लावलं. पोरं बारीक टोकाकडून वर चढतात आणि जाड टोकावरून खालच्या सपाट गाद्यांवर उडी टाकतात.

या पोरांनी माझं सगळं शिक्षण पुन्हा करून घेतलं. पडलेलं लहान पोर इकडेतिकडे बघत नाही. ते फक्त एक चेहरा शोधतं. आईचा नाहीतर बाबांचा. त्या चेहऱ्यावर काय लिहिलंय ते वाचतं आणि मगच ठरवतं, रडायचं की हसायचं.

एका सकाळी एक बाप आला, जरासा लंगडत. कडेवर दोन वर्षांची मुलगी. तो तिला मुंगी म्हणायचा. मुंगीला खाली ठेवलं, तर ती माझ्यावर चढायचं सोडून माझ्या चेनपाशी उकिडवी बसली. इतर पोरं उड्या मारत होती. ही चेन मागेपुढे करत होती. मग तिनं बोट आत घातलं, फोमचा एक कण उपटला आणि बापापुढे धरला. "बाबा, आत काय?"

"आत मऊ मऊ आहे. टाक ते, तोंडात नको घालूस."

इतक्या वर्षांत हजारो माणसं माझ्यावर पडली, पण तुझ्या आत काय आहे असं कुणी विचारलं नव्हतं. मी त्या पोरीवर तिथंच फिदा झाले.

शेवटी ती चढायला लागली. दोन पावलं गेली आणि फतकन बसली. लागलं काहीच नाही, लागणार कसं? मी आहे ना! तिनं मान वळवून बापाकडे पाहिलं. बापाचा चेहरा पांढराफटक. तो झेपावलाच. मुंगीनं तो चेहरा वाचला आणि भोकाड पसरलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर ती पडायच्या आधीच त्यानं तिला उचललं, आणि ती हवेतच रडली.

"चाललो आम्ही," तो ताईला म्हणाला. "तिला नाही जमत हे."

"तिला जमतंय हो दादा," ताई हळूच म्हणाली. "तुम्ही कधी पडला होतात?"

त्यानं मुंगीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मग म्हणाला, "गेल्या वर्षी. इमारतींना रंग द्यायचं काम माझं. परांचीवरून पडलो, दुसऱ्या मजल्याच्या. पाय सांधला, पण त्यानंतर चढलो नाही. तिची आई कामाला जाते, मी हिला सांभाळतो. खरं सांगू? वर्षभर हिला एकदाही पडू दिलं नाही मी."

त्यानं हे अभिमानानं सांगायला घेतलं असावं. वाक्य संपेपर्यंत त्याचा आवाज बारीक झाला होता.

ताईनं उपदेश केला नाही. म्हणाली, "मग आज आधी तुम्ही. जाड बाजूकडे पाठ करा. हनुवटी छातीला, हात पोटाशी. खुर्चीवर बसल्यासारखं मागे सोडून द्या स्वतःला."

मुंगीला खाली ठेवून तो पाठमोरा उभा राहिला. त्याच्या पोटऱ्या माझ्या कडेला टेकल्या होत्या. बाकीचे आईबाप उगाच आपापल्या पोरांचे मोजे नीट करू लागले. मी श्वास धरून बसले. माझं वय झालेलं, आणि हा एवढा थोरला माणूस! माझ्या हातून याला काही झालं असतं, तर ती पोर पुन्हा कधी जमिनीला टेकली नसती.

त्यानं डोळे मिटले आणि सोडून दिलं.

धप्प!

सगळं वजन आलं. मी जेवढं देता येईल तेवढं दिलं. तो उताणा पडून छताकडे बघत राहिला. उठेचना. मुंगी तुरुतुरु आली, वाकली आणि तिनं त्याच्या नाकात बोट घातलं.

"बाबा पल्ला?"

"हो गं," तो म्हणाला. "पल्ला बाबा." आणि त्याला हसू फुटलं. आधी नुसतं पोट हललं, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

मुंगीनं तो चेहराही नीट वाचून घेतला. मग माझ्याकडे पाठ केली, पोट पुढे काढलं आणि मुद्दाम, अगदी ठरवून, मागे पडली. उठली, पुन्हा पडली. त्या दिवशी ती किती वेळा पडली याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

पुढे ती वर्षभर येत राहिली. बाप एकदा ताईला म्हणाला, "काम सुरू केलंय. सध्या तळमजलाच घेतो."

"आणि वरचे मजले?"

"बघू. मुंगीला विचारून सांगतो."

आता माझा फोम बसलाय. ताईनं मला दाराजवळ ठेवलंय. लोक माझ्यावर बसून बूट काढतात. म्हणजे नव्यानं येणाऱ्यांना सगळ्यात आधी भेटते ती मीच. आज एक आई आलीय. पोराला छातीशी बांधलंय, पट्टे करकचून आवळलेत, आणि ती परत जावं की राहावं या विचारात आहे. ते पोर मान वाकडी करून माझ्या पिवळ्या ठिगळाकडे टक लावून बघतंय.

बस बाई. घाई काही नाही. पण तो पट्टा जरा सैल कर. त्याला काहीतरी विचारायचंय.