बोलत चाला, बाई

पौषातल्या सकाळी उल्हास नदीवरचं धुकं दहिवलीच्या अंगणाअंगणांत उतरायचं आणि त्या धूसर शुभ्रतेतून मंगल सिस्टरच्या रबरी चपलांचा चटचट आवाज तिच्या आधी आमच्या दारात पोहोचायचा. कळंबकडच्या ठाकरवाडीत जन्मलेली, चढ-उतारांवर वाढलेली ही परिचारिका. तिच्या चालीत घाई नव्हती आणि थकवाही नव्हता.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर आईने खुर्ची धरली होती. जन्मभर वर्गात उभी राहून शिकवत आलेली बाई, पण उंबरठा म्हटला की तिचा हात छातीकडे जाई. ‘आता रोज चाला,’ असं डॉक्टरांनी कितीदा बजावलं; मी रागावले, रडले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तिला भय होतं ते वाटेत श्वास संपण्याचं, आणि मला, ती अशी बसल्या बसल्या विझून जाण्याचं.

मंगलने उपदेश केला नाही. ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

“बाई, तुमी म्होरं चाला. आमच्यात मोळ्या आनताना जी थकलेली, ती सगळ्यांच्या म्होरं. तिच्या पावलानं बाकीच्यांनी चालायचं. आन बोलत चाला. बोलता येतंय तवर भ्यायचं नाय. शब्द तुटाया लागला का थांबायचं.”

“काय बोलू गं?”

“कायबी. जुनंपानं सांगा.”

पहिल्या दिवशी दोघी फाटकापर्यंत गेल्या. मग पिंपळापर्यंत, मग नदीवरच्या पुलापर्यंत. मी पडवीतून पाहत राहायचे: पुढे आईची पांढरी शाल, मागे सिस्टरची निळी साडी, आणि मला ऐकू न येणारं अखंड बोलणं. औषधांच्या पुड्यांना जे जमलं नाही, ते या बाईने नुसतं मागे चालून आणि ऐकून केलं. मी थक्क व्हायचे. आजही होते.

आई त्यानंतर पाच वर्षं चालली. गेल्या माघात, झोपेतच, गेली.

मंगल भेटायला आली. म्हणाली, “खालापूरच्या शाळंत पयल्या दिशी बाई फळ्याकडं तोंड करून रडल्या व्हत्या. पोरांना वाटलं, लिवतायत.”

मला हे ठाऊक नव्हतं. माझी आई रडत नसे. क्षणभर मला या परक्या बाईचा मत्सर वाटला. मग मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, अजून सांग.

ती सांगत गेली. माणूस गेल्यावर काळ त्याचा आवाज आधी नेतो म्हणतात. माझ्या आईचा आवाज मात्र तिच्या मागून चाललेल्या एका बाईपाशी शिल्लक आहे, आणि आई अजून किती उरली आहे, हे मला तिलाच विचारावं लागतं.