सर्वपित्रीचं पाणी

नर्सबाईंनी कपबशी पुढे सरकवली, तेव्हा निम्मा चहा बशीत सांडला होता. विनायकने तो तसाच बशीतून पिऊन टाकला.

"कचेरी नागपुरातून भोपाळले चालली, बाई. मलेबी जा लागते. कवापासून विचारून राहिलो, आता तरी सांगून द्या न. माही माय कोन?"

पंचवीस वर्षांपूर्वी एका लग्न न झालेल्या पोरीचं बाळ नर्सबाईंनी तिगावच्या जोडप्याच्या ओटीत घातलं होतं. ते दोघं आता नव्हते, आणि कागद तर केलाच नव्हता. सगळं नर्सबाईंच्या पोटात. त्या पोरीला, रजनीला, त्यांनी शब्द दिला होता. तरी विनायकच्या चकरा सुरू झाल्या तशा त्या परवा गुपचूप मोहगावला, तिच्या सासरी, जाऊन आल्या. रजनी आता भरल्या घरची सासू. तिने परसात नेऊन त्यांचे पायच धरले.

"सुना हायेत घरात, बाई. मले जगू द्या."

पोराच्या तोंडाकडे बघवेना. एकदाचं मिटेल म्हणून नर्सबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या,

"गेली रे ते. लय वर्सं झाले."

जीभ झडली असती तर बरं, असं त्यांना झालं. विनायकने बाहीने डोळे पुसले.

"उद्या सर्वपित्री हाय. घरच्या मायबापाले पानी देतोच, तिलेबी देतो. नाव सांगा. नावाबिगर कोनाले देऊ?"

हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. जित्या रजनीच्या नावाने हा तीळ सोडणार! खोटं मागे घ्यावं, तर हा छडा लावून मोहगाव गाठणार. भलतंच नाव सांगावं, तर ते कुण्या जित्या बाईला लागायचं.

"सरला," त्या म्हणाल्या.

ते त्यांचं स्वतःचं नाव. इथे पांढुर्ण्यात त्या सगळ्यांच्या नर्सबाईच; ते नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

जायचं नाही असं ठरवूनही दुसऱ्या दिवशी त्या जाम नदीवर गेल्या. विनायक पाण्यात उभा होता आणि ओंजळ सोडताना त्यांचंच नाव घेत होता. बाहेर येऊन त्याने ओल्या अंगानेच नमस्कार केला.

"दरसाल देईन, बाई. कुठीबी असलो तरी."

नर्सबाईंना ना मूल, ना भाऊ. आपल्यामागे पाणी कोण देईल, हा घोर त्यांना कितीतरी वर्षं होता. तो आज मिटला, आणि त्यांना बरं वाटलं. बरं वाटल्याच्या लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उद्या रजनीच येऊन म्हणाली, सांगा त्याला, तर आपण सांगू का, हे काही त्यांना कळेना.

"दे, बाप्पा," त्या म्हणाल्या.