आठ मेचा फळा

"१९४५. युरोपातले महायुद्ध संपले!" दत्तारामकाकांनी खणखणीत आवाजात वाचले आणि बाजाराला निघालेल्या बायका टोपल्यांसकट थांबल्या.

विजयदुर्गच्या वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर परशुरामने रोज दिनविशेष लिहायचा आणि वाचता न येणाऱ्यांसाठी काकांनी तो मोठ्याने वाचायचा, असा रिवाजच पडला होता. आपल्या फळ्यावर खोटे कधी उमटत नाही, असा परशुरामचा तोरा होता. आज मार्तिनिक बेटावरचा ज्वालामुखी आणि महायुद्ध यांच्याखाली त्याने गावची ओळ लिहिली होती. जगाच्या पंगतीत आपल्या माणसांचेही पान मांडावे, एवढाच त्याचा हेतू.

"१९५८. आंब्याचा मचवा बुडून गावातील तीन माणसे मृत्युमुखी. महादेव, इस्माईल..." काका अडखळले, पण तिसरे नाव तोंडून निसटलेच. "नुरुद्दीन."

त्या बायकांतल्या हवाबीची टोपली खाली आली. नुरुद्दीन तिचा मुलगा; त्याचे प्रेत मिळाले नव्हते. वर्षभर गावाने तिच्यासमोर 'बुडाला' हा शब्द काढला नव्हता. मुंबईत दुसऱ्या तारवावर लागला असेल, असे सगळेच म्हणत, परशुरामही. तिला कुठे वाचता येते, म्हणून त्याने नाव लिहिले. काका आठ दिवस तापाने पडून होते. ते आजच उठतील हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते. आता धरणी पोटात घेईल तर बरे, असे त्याला झाले.

"परशुरामा, माझ्या झिलाचा नाव खंयचा? दाखय माका."

त्याने नावावर बोट ठेवले.

"तेका बुडताना कोणी बघल्यानी?"

"नाय, हवाबी."

"मढा गावला?"

"नाय."

"मगे तू कित्याक लिवलंस?"

खरे काय ते परशुरामला ठाऊक होते, आणि तिलाही ठाऊक असावे, असे तिचे डोळे पाहून वाटत होते.

हवाबीने पदराचे टोक घेऊन ते एक नाव सावकाश पुसले. "बाकीचे दोगे ऱ्हवांदेत," ती म्हणाली. "तेंची मढी माझ्या डोळ्यांदेखत इली."

परशुरामने खडू उचलला. 'तीन' पुसून 'दोन' लिहिले.

"काकानू, परत वाचा."

काकांनी घसा साफ केला आणि ज्वालामुखीपासून सगळे पुन्हा वाचले. "गावातील दोन माणसे मृत्युमुखी," हे ऐकेपर्यंत हवाबी उभी राहिली. मग टोपली डोक्यावर घेऊन बाजाराच्या वाटेला लागली.