चार्ज करू नये

"हा कचरा तुमच्याकडचाच ना?" असं म्हणून त्या बाईने टिश्यू पेपरची पुरचुंडी काचेवर आपटली. बोलणं अर्थात इंग्रजीत चाललं होतं. माझं इंग्रजी बेताचं, पण शिव्या आणि तक्रारी मला चांगल्या समजतात. दोन वर्षांत ह्या देशात तेच जास्त ऐकलंय.

पुरचुंडीत आमचीच विडी होती. इलेक्ट्रॉनिक सिगारेट हे तिचं कागदावरचं नाव. मी पहिल्या दिवसापासून तिला विजेची विडी म्हणतो, आणि माझ्या भाच्याला, विक्रमला, ते अजिबात खपत नाही. टेक्ससमधल्या अर्विंग गावच्या मॉलमध्ये मधल्या वाटेवर त्याचा ठेला आहे. त्याला ठेला म्हटलेलंही खपत नाही, किऑस्क म्हणायचं. मीसुद्धा त्याला फारसा खपत नाही, पण दिवसभर उभा राहून कुरकुर न करणारा म्हातारा त्याला दुसरा कुठे मिळणार?

ही विडी बोटाएवढी, पांढरी. ओढली की टोकाला लाल दिवा लागतो आणि तोंडातून वाफ निघते. एकदा वापरायची आणि फेकून द्यायची जात. अंगावर ठळक छापलेलं असतं: चार्ज करू नये. बाईने आणलेल्या विडीचं शेपूट काळं पडून फाटलं होतं. अक्षरं मात्र शाबूत होती.

"खिशात होती माझ्या," बाई म्हणाली. पन्नाशीची, आडव्या बांध्याची. निळ्या युनिफॉर्मच्या खिशाला मोठं जळकं भोक पडलं होतं. मुद्दाम तोच शर्ट घालून आली असावी. "विमानतळाच्या पार्किंगची बस चालवते मी. मागे अकरा माणसं आणि अचानक छातीवर निखारा! बस कशी उभी केली ते माझं मला माहीत. आता माझा साहेब म्हणतो, तू चालवताना ओढत होतीस, नाहीतर ती उघडून काहीतरी उद्योग केलास. उद्या सकाळी नऊ वाजता माझी चौकशी आहे. माल खराब होता, एवढं मला लिहून द्या."

विक्रमने त्याचं गिऱ्हाइकासाठीचं हसू चढवलं. विडी दोन बोटांत धरून उजेडात फिरवली.

"मॅम, हे मागचं बूच बघा. ब्लेडने कापलंय. तुम्ही ही उघडून चार्ज केलीत. वर स्पष्ट लिहिलंय, करू नका म्हणून. आम्ही ह्यात काय करणार?"

"मी हातसुद्धा लावला नाही बुचाला! परवा तर घेतली!"

"सगळे असंच म्हणतात, मॅम."

मी बाजूलाच उभा होतो. ते बूच मी कापलं होतं.

मी एसटीच्या नाशिकच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं बॅटरी सेक्शनला होतो. माझी एकही पँट अशी नव्हती की जिला ॲसिडने भोकं पाडली नाहीत. बायको गेली, मी रिटायर झालो आणि बहिणीने, लतिकाने, तेरा वर्षांपूर्वी माझ्यासाठी भरलेला अर्ज एकदाचा पास झाला. एकोणसाठाव्या वर्षी मी अमेरिकेत आलो. इथे येऊन काय केलं, तर भाच्याच्या ठेल्यावर उभा राहिलो.

ह्या मार्चमध्ये विक्रमने कुठूनसा स्वस्तातला माल उचलला. विड्या दिवसभरात मरायला लागल्या. आतला वाफेचा रस शिल्लक आणि बॅटरीचा जीव गेलेला. लोक परत आणून देत, शिव्या घालत, आणि विक्रम त्या एका खोक्यात फेकत असे. मला ते बघवेना. बॅटरी मेलेली नसते, उपाशी असते, हे आमच्या सेक्शनचं पहिलं वाक्य. मी ते खोकं घरी नेलं. ब्लेडने शेपटाचं बूच कापलं, तारा बाहेर काढल्या, मोबाइलच्या जुन्या चार्जरला जोडल्या आणि मध्ये टॉर्चचा एक छोटा बल्ब लावला. बल्ब मंदावला की समजायचं, पोट भरत आलं. दुसऱ्या दिवशी विक्रमसमोर विडी ओढून दाखवली. लाल दिवा लागला.

"मामा, यू आर अ जीनियस!" तो म्हणाला. "आपण हे डेमोला वापरू."

दोन वर्षांत त्याच्या तोंडून आलेला तो पहिला बरा शब्द. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो ते उतरलोच नाही. तीन महिन्यांत सत्तरेक विड्या उठवून बसवल्या. डेमोला दिवसाला दोन पुरतात. बाकीच्या कुठे जात होत्या? मी विचारलं नाही. कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. विचारलं असतं तर पुन्हा नुसता ठेल्यावरचा म्हातारा झालो असतो.

आणि चूक म्हणाल तर ती वेगळीच, आणि ती माझ्याच हातून होण्यासारखी. एसटीची बॅटरी पाण्या-ॲसिडची. तिला बुडबुडे फुटेपर्यंत चार्ज द्यायचा. जास्त झालं तर वरून पाणी घाला, विषय संपला. माझा हात त्याच सवयीचा. बल्ब मंदावला तरी मी तास-दोन तास तारा सोडवत नसे, म्हणजे कसं पक्कं काम. ह्या बंद नळीतल्या बॅटरीला जास्तीचं सोसत नाही. पोट भरलेल्या पाहुण्याला आग्रह करकरून वाढावं, तसा मी तिला वाढत राहिलो.

मी वाकून विडी बघितली. "चार्ज करू नये" ह्या अक्षरांखाली खिळ्याने मारलेल्या दोन बारीक रेघा होत्या. वर्कशॉपात प्रत्येक चार्जला बॅटरीच्या अंगावर एक खूण करायची आमची पद्धत होती, तीन खुणा झाल्या की बॅटरी भंगारात. तीच मी इथेही पाळली होती. म्हणजे ही एकदा उठवली, विकली, परत आली, पुन्हा उठवली आणि पुन्हा विकली.

"मामा, तू काही बोलू नको," विक्रम मराठीत म्हणाला. तोंडावरचं हसू तसंच. त्याला 'तुम्ही' म्हणायला कुणी शिकवलंच नाही. "शी हॅज नो प्रूफ. पाच मिनिटांत जाईल."

"अरे, तिची नोकरी जाईल."

"नॉट माय प्रॉब्लेम. तुझा पण नाही. आय ॲम सीरियस, मामा."

"बूच मी कापलंय, विक्रम."

"सो? कुणाला माहितीये?"

बाई आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होती. "काय बोलताय तुम्ही दोघं?" मग तिने माझ्याकडे बोट केलं. "परवा तूच होतास. तूच हातात दिलीस. म्हणालास, गुड बॅटरी."

म्हणालो होतो. मी सगळ्यांनाच म्हणतो.

आमच्याकडे ड्रायव्हर बॅटरी सेक्शनला यायचे ते भांडतच. कसारा घाटात दिवे गेले, सेल्फ मारला तर गाडी कण्हते, तुम्ही लोक झोपा काढता का! आम्हीही काही कमी नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी बॅटरीवर आमची खूण बघितली की तोच माणूस मुकाट्याने पन्नास माणसं घेऊन घाटात गाडी घालायचा. एकतीस वर्षांत कुणी मला खोटारडा म्हटलं नव्हतं.

"आय चार्ज्ड," मी म्हणालो. "ही नाही. मी. माय हँड. माय मिस्टेक."

विक्रमचं हसू एकदाचं पडलं. "व्हॉट द हेल, मामा!"

मला वाटलं होतं, बाईचा राग जरा निवेल. कसला निवतोय! ती काचेवर दोन्ही हात टेकून पुढे झुकली. "तू चार्ज केलीस आणि मला नवी म्हणून विकलीस?"

"यस."

"माझ्या मागे लहान पोरं होती बसमध्ये."

मी तिच्या खिशाच्या भोकाकडे बघितलं.

"लिहून दे," ती म्हणाली.

"मामा, लिहिलंस तर बघ," विक्रम दातओठ खात म्हणाला. "लोक सू करतात इथे, कोर्टात खेचतात. मला बंद करायला लागेल सगळं. तुला कुणी आणलं इकडे? कुणाच्या घरात राहतोस तू?"

हे सगळं खरं होतं. मी जाहिरातीचा एक कागद उलटा केला आणि लिहायला घेतलं. इंग्रजीत लिहिलं, मोठ्या अक्षरांत, एकेक शब्द जुळवत. ही बॅटरी मी दोनदा चार्ज केली. ती चार्ज करायची नसते. ह्या बाईंनी काही केलं नाही. खाली पूर्ण नाव घातलं, त्र्यंबक गणपत सोनवणे, आणि त्याच्याखाली, सवयीने, बॅटरी इलेक्ट्रिशियन. तारीख टाकली, बावीस जून दोन हजार आठ.

बाईने कागद दोनदा वाचला. घडी करून खिशात ठेवायला गेली, खिशाला भोक आहे हे आठवलं, मग पर्समध्ये ठेवला. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "लाज वाटायला हवी तुला."

"वाटते," मी म्हणालो. मराठीत म्हणालो, आणि तोवर ती वळलीही होती.

मग मी खालचा खण उघडला. विकायला ठेवलेल्या मालात माझ्या रेघांच्या एकोणीस निघाल्या. एकेकीचं बूच काढून ब्लेडने तार कापत गेलो. विक्रमने माझं मनगट धरलं.

"स्टॉप इट! ती माझी प्रॉपर्टी आहे!"

"खूण माझी आहे," मी म्हणालो. "हात सोड. ब्लेड आहे माझ्या हातात, तुलाच लागेल."

येणारे-जाणारे थांबून बघायला लागले तसा त्याने हात सोडला. अमेरिकेत जन्मलेल्या माणसाला तमाशाची भारी भीती. एकोणीस तारा कापून होईपर्यंत तो मोबाइलवर बोटं आपटत उभा होता.

"उद्यापासून येऊ नको," तो म्हणाला. "आणि घरी आईला काय तोंड दाखवणार ते ठरव."

रविवारी मॉल सहाला बंद होतो. ह्या देशाची गंमत अशी की ज्याने तुम्हाला हाकलून दिलं, त्याच्याच गाडीत बसून घरी जावं लागतं. बस नाही, रिक्षा नाही, माझ्याकडे लायसन्स नाही. विक्रम गाडीपाशी उभा राहून किल्ली वाजवत होता. मी त्याच्याकडे पाठ केली आणि चालायला लागलो.

फुटपाथ कुठेच नव्हता. हायवेच्या कडेच्या रस्त्याला लागून वाळलेलं गवत, त्यातून पाय ओढत निघालो. जून महिना, टेक्ससचं ऊन. गाड्या हॉर्न मारत जात होत्या. दहा मिनिटांत विक्रमची गाडी मागून आली आणि माझ्या चालीने सरपटायला लागली. त्याने काच खाली केली.

"मामा, बस गाडीत. लोक बघतायत."

मी चालत राहिलो. त्याने खिडकीतून मोबाइल पुढे केला. "आई आहे."

"दादा," लतिकाचा आवाज आला, "काय सांगितलंस तू त्या बाईला?"

"झालं ते सांगितलं."

"त्याच्या पोटावर पाय दिलास रे. एवढ्यासाठी आणलं होतं तुला?"

मी फोन खिडकीतून परत दिला. विक्रमने थोडा वेळ वाट पाहिली, मग एक शिवी हासडून गाडी जोरात पळवली.

घरी पोहोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. इथे उन्हाळ्यात तेव्हाही लख्ख उजेड असतो, आपली दशा झाकायला अंधारसुद्धा मिळत नाही. लतिकाने दार उघडलं. माझ्या चपला, धूळ, भिजलेला सदरा, सगळं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत गेली. पाय धुऊन आलो तर ताट वाढलेलं होतं. पोळी, दुधीची भाजी, वरण.

ती समोर बसली. "विक्रम आल्यापासून वर बसलाय. जेवला नाही."

"हं."

"मी सांगते ते ऐक. त्या बाईच्या ऑफिसला उद्या नऊच्या आत फोन कर. म्हण, मला इंग्रजी नीट येत नाही, माझी गडबड झाली. कुणी काही म्हणणार नाही, म्हातारा माणूस आहेस. नंबर विक्रम शोधून देईल."

"नाही करणार."

"दादा, कोण लागते ती तुझी?"

"कुणी नाही. पण आग माझ्या हातची होती, लता."

तिने डोळे पुसले. मग एकदम कडक आवाजात म्हणाली, "मग मी काय करू ते सांग. हे गेल्यापासून मी त्याच्या घरात राहते. मला इथेच राहायचंय."

तिचंही खोटं नव्हतं. बत्तीस वर्षांपूर्वी ती ह्या देशात आली तेव्हा मुंबईच्या विमानतळावर मीच तिला सोडायला गेलो होतो. माझ्या गळ्यात पडून रडली होती. तेव्हा तिची समजूत घालायला मला शब्द सापडले होते.

"तू राहा," मी म्हणालो. "माझा पासपोर्ट काढून दे."

"आधी जेव."

"आधी दे."

ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं. तिने पासपोर्ट ताटाशेजारी ठेवला, पण त्यावरचा हात काही उचलला नाही. तिचा हात आता थेट आईच्या हातासारखा दिसायला लागला होता, शिरा वर आलेला. मी ओढून घेऊ शकलो असतो. घेतला नाही. पोळी निवत होती.

"मॉम?" वरून विक्रमने विचारलं. "करतोय का तो फोन?"

लतिकाने हात उचलला नाही.